पिंपात घोणस व्याली

पहाटे ४.५०

अंबरनाथ पूर्वेला वडवलीच्या बाजूला एक चाळ आहे. तिच्या मागच्या अंगाला पत्र्याची खोली. सहा बाय आठची. दाराला दोन कड्या, दोन कुलुपं. एक किल्ली सर्पमित्राकडे, दुसरी त्याच्या बायकोकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. हा नियम बायकोचा.

आत दोन पिंपं, पांढरट प्लास्टिकची, झाकणाला कडी आणि छोटं कुलूप. भिंतीला लोखंडी हूक, लांब चिमटा, काळ्या कापडाच्या पिशव्या, पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा. पाइप पिशवीच्या तोंडाला बांधायचा. सापाला बीळ वाटतं, तो आपण होऊन आत जातो. खाली गमबूट. साडेचारशेची जोडी, दर पावसाळ्यात नवी.

तो आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटी ऑपरेटर आहे. सातची पाळी, हजेरी साडेपाचशे. साप पकडायचं काम पाळीच्या आधी, पाळीनंतर आणि रात्री. त्याची हजेरी कुणी भरत नाही.

काल रात्री साडेअकराला बदलापूरहून फोन आला. कात्रपला नव्या इमारतीचं काम चालू आहे, तिथला वॉचमन. म्हणाला, अजगराचं पिल्लू आहे. घोणस दिसली की लोक बऱ्याचदा हेच म्हणतात, आणि म्हणूनच हात घालतात. फरशांच्या थप्पीत ती बसली होती. तिकोनी डोकं, पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा. हूक लावल्याबरोबर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढला. वनरक्षक मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, रात्री नीट ठेवा, सकाळी पंचनामा करू.

आता तो पिंपाला बाहेरून बॅटरी लावतो. एक जाड सावली दिसते. तिच्याभोवती बारीक सावल्या. त्या हलतायत.

“अगं, ही व्याली.”

“किती?”

“मोजता येत नाहीत. अजून चालूच आहे.”

पहाटे ५.१५

झाकण काढून त्यानं वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची शीट ठेवली आणि शीटवर दोन विटा. आता वरून दिसतं. आजचा दिवस मी त्यांच्यासोबत आहे, बॅटरी धरून उभा. त्यानं मला दारातच थांबायला सांगितलंय.

नाग, धामण, मण्यार अंडी घालतात. घोणस घालत नाही. फुरसं आणि मांडूळही नाही. घोणशीची अंडी पोटातच राहतात, सहा महिन्यांहून जास्त, आणि बाहेर येतं ते जिवंत पिल्लू. जून-जुलै हे त्यांचे व्यायचे मुख्य महिने. काल हुकावर ती जड लागली होती, पण त्याला वाटलं होतं, मोठी घूस गिळली असेल. बांधकामावर घुशींना तोटा नाही.

तिची शेपटी थोडी वर उचलली जाते. पोटाच्या मागच्या भागातून एक लाट सरकते. ओली, पारदर्शक पिशवी बाहेर पडते. आत वेटोळं. काही वेळ ते तसंच असतं. मग नाकाचा शेंडा पडद्याला टेकतो, पडदा फाटतो, डोकं बाहेर येतं. तोंड उघडतं, मिटतं. पहिला श्वास. पाठीवर आईचीच नक्षी, जास्त ठळक. लांबीला वीतभर.

सगळ्यात आधी जन्मलेली आता कोरडी झालीत. शीटवर माझी सावली पडली तशी त्यातल्या एकानं पिंपाच्या कडेवर डोकं आपटलं. जन्मून तास झाला असेल नसेल. विषाचे दात त्याच्या तोंडात आहेत, विषही आहे. पकडायला, सोडायला, मोजायला, कशालाच हात लावायचा नाही. फक्त चिमटा. चिमट्याच्या टोकांना त्यानं सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलंय, मणका दबू नये म्हणून.

घोणस पिल्लांकडे वळून पाहत नाही. अजगराची मादी अंड्यांना वेढा घालून बसते, नागराजाची मादी पाल्याचं घरटं करून राखण करते. घोणशीचं तसं नाही. पिल्लू बाहेर पडलं की त्याचं ते. रानात असती तर ती थोड्या वेळानं निघून गेली असती आणि पिल्लं चार दिशांना पांगली असती. इथं पिंप आहे. पिंपात चार दिशा नाहीत. म्हणून पुढचं सगळं या दोघांना करावं लागणार.

पहाटे ५.४०

मुंग्या आल्या.

पडदे, ओलावा, रक्ताचा वास. पत्र्याच्या खोलीत लाल मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरली आणि पिंपाकडे वळली. घार, मुंगूस, कोंबडी ही पिल्लांची बाहेरची भीती. खोलीतली खरी भीती मुंगीची. ओल्या पिल्लाला ती सोडत नाही.

बायको आत गेली. स्टीलच्या चार वाट्या आणि लाकडी स्टूल घेऊन आली. स्टुलाचे चार पाय चार वाट्यांत, वाट्यांत पाणी, थेंबभर भांड्यांचा साबण. दुधाचं पातेलं ती असंच ठेवते. दोघांनी मिळून पिंप उचललं. दोन हात तळाला, दोन कडेला, शीट दाबून. स्टुलावर टेकलं. रांग वाटीपाशी येऊन थांबली.

ती हिशेबाची बाई आहे. घरी डबे करते, आठ डबे, सकाळी साडेसातला निघतात. डाळ कुकरला लावून आली होती.

सकाळी ६.०५

सुपरवायझरला फोन. “आज येत नाही.” कारण सांगितलं. पलीकडून काही क्षण काही ऐकू आलं नाही. मग, “परवा पण अर्धा दिवस घेतलास.” आजची हजेरी गेली. महिन्यात एकही खाडा नसेल तर पाचशे रुपये बक्षीस मिळतं, ते परवाच गेलं होतं, त्यामुळे त्याची आज चिंता नाही.

दुसरा फोन मॅडमना. त्या सकाळी दुसऱ्या हद्दीत गस्तीवर आहेत. बारापर्यंत येतील. “आई वेगळी करा, पिल्लं ओली राहू देऊ नका, फोटो काढून ठेवा. आणि दादा, कुणाला सांगत बसू नका.”

सकाळी ६.३०

शेवटचं पिल्लू सहाच्या सुमारास आलं असावं. त्यानंतर दोन पिवळट गोळे पडले. फळली नाहीत ती अंडी.

आता आईला काढायचं. हे आजच्या दिवसातलं सगळ्यात धोक्याचं काम आणि ते फार तर दीड मिनिटात उरकलं. त्यानं गमबूट घातले. शीट एका बाजूनं सरकवली. हूक तिच्या मधल्या अंगाखाली गेला. ती फुसफुसली नाही. दमलेली होती. कालची फुगीर कूस आता सैल पडली होती, कातडीला दोन्ही बाजूंना घड्या. तिच्या अंगाला चिकटून एक पिल्लू वर आलं. त्यानं हूक तसाच अधांतरी धरला. पिल्लू घसरून खाली पडेपर्यंत धरला. मनगटाची शीर उठलेली दिसत होती. मग दुसऱ्या पिंपात अलगद. झाकण, कडी, कुलूप. त्याआधी आत पाण्याचं पसरट भांडं.

पाच मिनिटांनी तिनं पाण्यात तोंड घातलं. जबडा संथ हलत होता. बराच वेळ पीत राहिली.

सकाळी ७.३०

डबे गेले. आता चहा.

चहाचा कप तो उजव्या हातात धरतो. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकलेलं आहे, पेर आखडलेलं. काही वर्षांपूर्वी अशीच एक घोणस. पिशवीचं तोंड बांधताना कापडातून दात लागला. ती गोष्ट त्याच्यापेक्षा बायको जास्त नीट सांगते, कारण तो तेव्हा वेदनेनं अर्धा बेशुद्ध होता.

“काचेच्या नळीत रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं हलवायचं नाही. घड्याळ बघत बसले. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नाही. मग दहा बाटल्या लावल्या. सहा तासांनी परत नळी. परत वाहिलं. परत बाटल्या.”

घोणशीचं विष रक्तातले गोठवणारे घटक संपवून टाकतं. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं, मूत्रपिंडं बंद पडतात. बाटली म्हणजे प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते बनतं. त्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतून येतं. तिथं चेन्नईजवळ १९७८ पासून इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. त्या जमातीतल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

सरकारी रुग्णालयात बाटल्यांचे पैसे पडले नाहीत. हजेरी मात्र महिनाभर बुडाली. बचत गटातून वीस हजार काढले, ते फेडायला दीड वर्ष लागलं. दोन कुलुपांचा नियम त्यानंतरचा.

“सोड म्हणून नाही सांगितलं?” मी विचारलं.

“सांगितलं की. एकदा आमच्याच गल्लीत नाग निघाला, लोक काठ्या घेऊन धावले. त्यांच्यातच कुणीतरी चावून मेला असता. मग मीच म्हटलं, जा.”

सकाळी ८.२०

उल्हासनगरहून फोन. कॅम्प पाचमधला जीन्स शिवायचा गाळा, शिलाई मशिनांच्या मागं साप. कारागीर बाहेर उभे. नगावर मजुरी असते, मशिन थांबलं की पैसे थांबले. मालक ओरडून बोलतोय. यानं फोटो मागवला. पाणदिवड, बिनविषारी. मागच्या नाल्यातून आलेली. सर्पमित्रांच्या गटावर संदेश टाकला. कॅम्प चारचा एक रिक्षावाला सर्पमित्र सात मिनिटांत पोचला. साडेआठला परत संदेश. पकडली, मशिनं सुरू.

सकाळी १०.४५

पिल्लं एकाच पिंपात ठेवून चालणार नाही. एकमेकांवर चढतात, दचकतात, खालची दबतात. शिवाय एका जागी सगळी सोडायची नाहीत, वेगवेगळ्या ठिकाणी न्यायची. म्हणजे बरण्या हव्यात. अंबरनाथच्या दुकानात एक लिटरची बरणी तीस रुपयांना. उल्हासनगरच्या घाऊक बाजारात वीसला. बारा बरण्यांमागे एकशेवीस वाचतात, पेट्रोलचे चाळीस जातात. दुचाकीवर मागं मी.

दुकानदार सिंधी, साठीचा. त्याचं घराणं फाळणीनंतर इथं आलं, लष्करी छावणीच्या बराकीत राहिलं. कॅम्प हे नाव तेव्हापासून राहिलं.

“लोणच्याचा धंदा काढतोस काय, बेटा?”

“नाही साईं. सापाची पिल्लं ठेवायची आहेत.”

दुकानदारानं हातातली बरणी खाली ठेवली. थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. मग आतल्या पोराला हाक मारून म्हणाला, रुंद तोंडाच्या दे, त्या नको. किंमत वीसचीच लावली. तेरावी बरणी बिलाबाहेर ठेवली. तेरावी घेताना यानं वाद घातला नाही.

परत येऊन खिळा गॅसवर तापवून झाकणांना भोकं. प्रत्येक झाकणाला वीस, टाचणीपेक्षा थोडी मोठी. तळाला ओला करून पिळलेला वर्तमानपत्राचा कागद. कागद फार ओला झाला तर कातडीला बुरशी, कोरडा राहिला तर कात निघताना अडकते. पहिली कात लवकरच निघेल.

दुपारी १२.३०

मॅडम आल्या. खाकी, खांद्याला पिशवी, पिशवीत पंचनाम्याचे कोरे कागद आणि डबा. वय तिशीच्या आत. त्यांच्याकडे एवढी हद्द आहे की एका टोकाला वणवा लागला आणि दुसऱ्या टोकाला बिबट्या दिसला तर काय करायचं, हे मी विचारलं नाही.

मोजणी सुरू झाली. तो चिमट्यानं उचलतो, बरणीच्या तोंडाशी नेतो, शेपटीकडून सोडतो. बायको झाकण लावते. मॅडम मोठ्यानं आकडा म्हणतात आणि लिहितात. तिघांचा एक ताल जमला. एका बरणीत तीन. नऊ पिल्लांनंतर तो थांबतो, चिमटा खाली ठेवतो, बोटं मोकळी करतो. वाकलेलं बोट लवकर भरून येतं.

सतरावं पिल्लू पडद्यातच होतं. हललं नाही. चिमट्याच्या टोकानं त्यानं पडदा फाडला, कापसानं तोंड पुसलं. काही नाही. ते बाजूला कागदावर ठेवलं. आणखी एक तसंच निघालं. तळाशी शेवटचं एक, सगळ्यांत बारीक, पाठीत थोडा बाक. पण जिवंत. बरणीत पडताच त्यानं तोंड उघडून हवेत झेप घेतली.

जिवंत चौतीस. मृत दोन. न फळलेली अंडी दोन.

घरातल्या वजनकाट्यावर रिकामी बरणी, मग भरलेली. पिल्लामागं नऊ-दहा ग्रॅम.

“चौतीस म्हणजे फार?” बायकोनं विचारलं.

“नाही हो ताई. वीस ते चाळीस नेहमीचीच. कोइंबतूरच्या प्राणिसंग्रहालयात २०२० च्या ऑगस्टमध्ये एकीनं तेहतीस दिली होती.” मॅडम लिहीत होत्या. “यातली मोठी होऊन परत विणारी एखाद-दोन निघाली तरी पुष्कळ.”

पंचनाम्यावर दोन सह्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर घोणस पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ आहे त्याच यादीत. मेलेली दोन पिल्लंही सरकारची. मॅडमनी ती वेगळ्या डबीत घेतली.

दुपारी २.१०

कुणालाही सांगितलं नाही तरी बातमी जाते. उल्हासनगरातल्या एका मुलाचा फोन. आवाज नम्र. त्याच्या घरी परदेशी साप आहे, बॉल पायथन. त्याची सरकारी पोर्टलवर नोंद केलेली आहे असं म्हणाला. २०२४ च्या नियमांनी तशी नोंद करावी लागते, पुढं त्याला पिल्लं झाली तर त्यांचीही. त्याला घोणशीचं एक पिल्लू हवं होतं. नीट ठेवीन, उंदरं विकत आणीन, काचेची पेटी आहे.

यानं फोन कापला नाही. दहा मिनिटं बोलला.

“तुझा पायथन अंडी घालणारा, बिनविषारी, आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला. हे रानातलं आहे. पहिल्या अनुसूचीतलं. घरात सापडलं तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, वर पंचवीस हजारांच्या पुढं दंड. आणि ते सोड. तुझी आई खोली झाडायला येते ना? तिला कोण सांगणार पेटीचं झाकण नीट लागलंय की नाही?”

पलीकडे शांत. मग मुलानं विचारलं, सोडताना बघायला येऊ का. हा म्हणाला, ते नाही, पण रविवारी ये, हूक कसा धरतात ते दाखवतो. आधी धामणीवर.

मला हा मुलगा वाईट वाटला नाही. त्याला सापाजवळ जायचंय, आणि जवळ जायचा मार्ग त्याला फक्त पेटीतून माहीत आहे.

दुपारी ३.००

भात, डाळ, सुक्या बोंबलाची चटणी. जेवून तो भिंतीला पाठ लावून वीस मिनिटं झोपला. खोलीला दोन्ही कुलुपं. मॅडमनी आपला डबा ओट्यावर बसून खाल्ला आणि बायकोकडून थोडी चटणी घेतली.

दुपारी ४.४५

निघालो. मॅडमची गाडी पुढं. तिच्यात मागं दोन क्रेट, एकात बरण्या, मध्ये गोणपाट कोंबलेलं, दुसऱ्यात आईचं पिंप दोरीनं बांधलेलं. तो दुचाकीवर, मी त्याच्या मागं. अंबरनाथहून बदलापूर, कुळगाव, उल्हास नदीचा पूल, पुढं बारवीचा रस्ता. पेट्रोल दोनशेचं टाकलं. दोनशेत दोन लिटरही येत नाही.

बदलापूर संपता संपत नाही. टेकडीच्या पोटापर्यंत इमारती. ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहिलेले फलक. याच टेकडीवरून साप खाली येतात, आणि तळमजल्यावरचे फोन याला येतात.

पाऊस भुरभुर. बरण्यांवर मेणकापड ओढलं.

संध्याकाळी ५.५०

पहिली जागा मॅडमनी आधीच हेरून ठेवली होती. ओढ्याच्या काठी दगडांची रास, भोवती करवंदीच्या जाळ्या. पालीसरडे भरपूर, बेडकं आहेत. पिल्लांना पहिले काही दिवस खायला लागत नाही, जन्माच्या वेळचा बलक पोटात शिल्लक असतो. नंतर हेच खाणं.

क्रेट उतरवत असतानाच वरच्या वाटेनं एक म्हातारा आला. ठाकूर. डोक्यावर इरलं, हातात कोयता. बरणीत डोकावला.

“परड हाय.”

“हो, बाबा. घोणस.”

“हितं नको सोडू, दादा. उद्या आमच्या बाया आवण काढाया उतरणार. ह्या खाचरात. गुडघाभर चिखलात हात घालून काम हाय. हात घातला का दिसतंय का काय?”

तो गप्प उभा राहिला. मॅडमही. खाचर खरोखर शंभर पावलांवर होतं. भाताची रोपं हिरवीगार, लावणीला आलेली. नकाशावर ही जागा वनखात्याची आहे आणि खाचर गावाचं. सापाला आणि आवण काढणाऱ्या बाईला ती रेघ दिसत नाही.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं बारा लाख माणसं गेली असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी जून ते सप्टेंबरात. म्हातारा आकडे सांगत नव्हता. त्याची वहिनी दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. रात्री गाडी मिळाली नाही. उजाडल्यावर उल्हासनगरला नेलं.

म्हाताऱ्याचं बरोबर होतं. मला त्यात दुसरी बाजू दिसत नाही. साप वाचलाच पाहिजे असं मीही मानतो, पण त्याची किंमत ज्यांनी भरायची त्यांना विचारल्याशिवाय नाही.

यानं क्रेट परत उचलला. “कुठं सोडू, बाबा? तुम्हीच सांगा.”

म्हाताऱ्यानं कोयत्यानं वर दाखवलं. पठाराच्या पलीकडची घळ. तिकडं पाडा नाही, खाचर नाही, गुरंही पावसाळ्यात नेत नाहीत, पाय घसरतो. “मी वाट दावतो.”

मॅडमनी त्याला आपला नंबर कागदावर लिहून दिला. वनखात्याचा १९२६ हा नंबरही. वर लिहिलं, चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हात हलू द्यायचा नाही, भगताकडे नाही, थेट दवाखाना. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. नात शाळेत जाते, ती वाचेल म्हणाला. कागद इरल्याच्या आत खोचला.

संध्याकाळी ६.३०

गाडी इथवर. पुढं चालत. एक क्रेट त्याच्या खांद्यावर, आईचं पिंप मॅडम आणि मी दोन बाजूंनी. तांबडी माती घसरडी. म्हातारा पुढं, अनवाणी, एकदाही पाय न सरकता. चढायला पाऊण तास.

सोडायचं काम गाजावाजाशिवाय होतं. बरणी आडवी करायची, झाकण काढून दोन पावलं मागं. काही पिल्लं लगेच निघाली. काही बरणीतच बसून राहिली, त्यांना काडीनं मागून हलकं टोचावं लागलं. एका जागी तीन, मग पन्नास-साठ पावलं चालून पुढची तीन. खडकाच्या फटीशी, कारवीच्या बुंध्याशी, पडलेल्या झाडाखाली. पाठीत बाक असलेल्या पिल्लाला त्यानं शेवटी ठेवलं होतं. ते सरळ जाऊ शकत नव्हतं, थोडं डावीकडे ओढत होतं, पण पालापाचोळ्यात शिरलं.

“जगेल?” मी विचारलं.

“नाही बहुतेक.”

“मग?”

“बरणीत मरण्यापेक्षा हे बरं.”

आईला सगळ्यात वर सोडलं, घळीच्या तोंडाशी. पिंप आडवं केलं. ती बाहेर आली, जीभ काढली, थांबली. मग जड अंगानं, घाई न करता, कातळाच्या कपारीत गेली. पिल्लं खालच्या बाजूला होती. तिकडं ती वळली नाही.

मॅडमनी मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घेतले. अंधार पडायला आला होता. उतरताना म्हातारा पुढंच होता, आता त्याच्या हातात याची बॅटरी.

रात्री ९.००

चाळीत परत. पिंपं, बरण्या, चिमटा सगळं ब्लीचिंगच्या पाण्यात. पडदे आणि कागद जाळायला वेगळे. स्टुलाखालच्या वाट्या तिनं उचलल्या, तीनदा घासल्या आणि मग खोलीतच ठेवल्या. स्वयंपाकघरात आता त्या परत जाणार नाहीत. एका वाटीचे चाळीस, चार वाट्यांचे एकशेसाठ. तिनं ते वहीत लिहायला सांगितलं.

वही शाळेची, दोनशे पानी. एका पानावर दोन भाग. डावीकडे साप : तारीख, जागा, जात, लांबी, कुठं सोडला. उजवीकडे खर्च. डावीकडे त्यानं सविस्तर लिहिलं, पिल्लांच्या वजनासकट. उजवीकडे : पेट्रोल २४०, बरण्या २४०, ब्लीचिंग ३०, वाट्या १६०. खाली हजेरी ५५०. बेरीज १२२०. जमा बाजूला कात्रपच्या वॉचमननं काल रात्री दिलेले १००. बिल्डरनं नव्हे, वॉचमननं, स्वतःच्या खिशातून.

सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा मंत्रालयातून २०२५ साली झाली. याच्या पाकिटात अजून जुनंच कार्ड आहे, संस्थेनं छापलेलं, कोपरे झिजलेले.

“बरण्या तेरा आहेत,” बायको म्हणाली. “हिशेबात बारा.”

“एक साईंनी दिली.”

“मग जमेत लिही.”

त्यानं जमेत लिहिलं : बरणी एक, २०. उद्या सातची पाळी आहे. सुपरवायझरनं संध्याकाळी संदेश पाठवलाय, चार तास जादा काम आहे, थांबणार का. तो ‘हो’ लिहितो.